बाजरी गाडा, पण कोवळी गाडा

रोहिणी निघायला अजून तीन-चार आठवडे आहेत. उन्हाळवाही झालेली आहे, ढेकळे तापताहेत, आणि बांधी रिकाम्या पडलेल्या आहेत. या दिवसांत धान पिकवणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हटकून येतो. "साहेब, शेणखत पुरत नाही. धैंच्याचे बी वेळेवर मिळत नाही. घरात बाजरी आहे, मका आहे. तेच पेरून बांधीत गाडले तर हिरवळीचे खत होईल का?"

प्रश्न रास्त आहे. पूर्वी दावणीला सहा-आठ गुरे असत. आता नांगरटीला ट्रॅक्टर येतो आणि गोठ्यात एखाददुसरी गाय उरते. शेणखत आणायचे कुठून? म्हणून आजचे बोलणे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या धानपट्ट्यातल्या बांधव-भगिनींसाठी, आणि तेही एवढ्या एकाच विषयावर.

उत्तर आधीच सांगून टाकतो. बाजरी किंवा मका गाडून खत होते, पण तीन अटींवर. ती कोवळी असतानाच गाडली पाहिजे, तिच्या जोडीला धैंचा किंवा बरबटी पाहिजे, आणि गाडणी व रोवणी यांत तीन आठवड्यांचे अंतर पाहिजे. यातली एक अट चुकली तर खत होण्याऐवजी धानाच्या तोंडचा घास जातो. हे मी नुसते पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच चुकीतून शिकून सांगतो आहे.

एका बांधीची हकिगत

नोकरीची पहिलीच वर्षे होती. एका गावात एका काकांनी गुरांसाठी ज्वारीची चरी पेरली होती. काही चरी कापली, पण अर्ध्या बांधीतली तशीच उभी राहिली. दोन महिने होऊन गेले होते, निम्म्या ताटांना कणसे आली होती. पाऊस लागला आणि काकांना रोवणीची घाई झाली. त्यांनी मला विचारले, "साहेब, ही चरी कापून धुऱ्यावर टाकू, का आतच दाबू?" हिरवे दिसते म्हणजे हिरवळीचे खत, असा माझा हिशोब. मी म्हणालो, "काका, आतच दाबा. फुकटचे खत आहे."

काकांनी चरी आडवी करून नांगरली, चिखलणी केली आणि पाचव्या दिवशी रोवणी लावली. रोवणीला आलेल्या बाया पहिल्याच दिवशी कुरकुरत होत्या. "पायाला ताटं टोचतात जी. रोप रोवलं का ताट वर येते, त्याच्यासंगं रोप बी वर येते." त्या जे सांगत होत्या तेच खरे लक्षण होते. मला ते त्या दिवशी कळले नाही.

बारा-तेरा दिवसांनी निरोप आला. जाऊन पाहतो तर शेजारची बांधी हिरवीगार, आणि काकांची पोपटी-पिवळी. पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येत होते आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटत होता. एक चूड उपटून पाहिले. नवी मुळे पांढरी असायला हवीत, ती काळपट झाली होती. काका एवढेच म्हणाले, "साहेब, हे खत दाबलं का जहर जी?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे बांधी थोडी सावरली, पण फुटवे यायचे ते दिवस हातचे गेले होते. त्या वर्षी त्या बांधीने काकांना घातल्या खर्चाइतकेही दिले नाही, आणि सोसायटीचे कर्ज तर उभेच होते.

तेव्हापासून "हिरवे दिसते ते दाबा" असे मी कोणालाही सांगत नाही. का सांगत नाही, ते आता समजून घेऊ या.

पिवळे का पडले?

जमिनीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. गाडलेला पाला कुजवण्याचे काम ते करतात. हे आपले मजूर समजा. मजुराला कामावर लावले की त्याला शिदोरी लागते, आणि या मजुरांची शिदोरी म्हणजे नत्र. कोवळ्या पाल्यात नत्र भरपूर असते. त्यामुळे तो कुजवताना मजुरांचे पोट त्यातच भरते आणि उरलेले नत्र धानाला मिळते. जून ताटात मात्र काष्ठ फार आणि नत्र थोडे. मग हे मजूर जमिनीतले नत्र, आणि तुम्ही टाकलेल्या युरियातले नत्रसुद्धा, आधी स्वतः खातात. ते नत्र कायमचे जात नाही. मजूर मेले की ते पुन्हा जमिनीत येते. पण तोवर तीन-चार आठवडे निघून जातात, आणि धानाला फुटवे फुटण्यासाठी नत्र हवे असते ते नेमके याच दिवसांत.

शास्त्रज्ञ हे कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणावरून सांगतात. एका भाग नत्राला वीस-पंचवीस भाग कर्ब असेल तोवर कुजणे सुरळीत चालते. कोवळा धैंचा आणि ताग याच्या आत बसतात. कोवळी बाजरी कशीबशी काठावर असते. कणीस आलेले ताट मात्र यापुढे फार लांब जाते. धानाच्या तणसात तर एका भाग नत्राला साठ-सत्तर भाग कर्ब असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. बांधीत पाणी तुंबले की चिखलात हवा राहत नाही. हवेविना जून ताटे कुजली की आम्ले तयार होतात, घाण वायू तयार होतो, आणि नव्या रोपाची मुळे भाजतात. काकांच्या बांधीतला वास त्याचाच होता. बुडबुड्यांत मिथेन नावाचा वायूही असतो. तो हवेत जाऊन पृथ्वीची उष्णता वाढवतो. ओला काडीकचरा पाण्याखाली जितका घाईने दाबाल तितका तो वायू जास्त. म्हणजे घाईत आपलाही तोटा आहे आणि सगळ्यांचाच.

मग बाजरी पेरायचीच कशाला?

तुम्ही म्हणाल, एवढी भानगड असेल तर नुसता धैंचा का नको? धैंचा मिळाला आणि वेळेवर पेरता आला, तर तोच पहिला मान. धैंच्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या हवेतले नत्र ओढून आणतात. बाजरी-मक्याला अशा गाठी नाहीत. जमिनीत होते तेच नत्र ती वर आणते. नवे नत्र आणत नाही.

तरीही बाजरीचे तीन गुण आहेत. तिचे बी स्वस्त आणि घरचे असते, आणि एकराला थोडेच लागते. ती झटपट वाढून जमीन झाकते, त्यामुळे तण दबते, आणि तिच्या झुबकेदार मुळांनी जमीन भुसभुशीत होते. तिसरा गुण फारसा कोणाला माहीत नसतो. उन्हात तापलेल्या जमिनीला पहिली ओल मिळाली की तिच्यात विरघळणारे नत्र एकदम तयार होते. बांधी मोकळी असेल आणि वर पाणी तुंबले, तर ते नत्र काही खाली झिरपते आणि काही हवेत उडून जाते. बांधीत पीक उभे असेल तर ते हे नत्र मुळांनी उचलून पाल्यात साठवते. जाणारा पैसा गुल्लकात पडला असे समजा. कोरियासारख्या देशात धानाच्या आधी हिवाळ्यात बार्ली आणि व्हेच नावाचे द्विदल एकत्र पेरून गाडण्याचे प्रयोग झाले आहेत. तिथेही तृणधान्याला द्विदलाची जोड दिलेली आहे. फरक इतकाच की त्यांच्याकडे शेत कित्येक महिने मोकळे असते, आणि आपल्याला मिळतात जेमतेम पस्तीस-चाळीस दिवस.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. पाऊस लवकर आला आणि बांधी भरली, तर बाजरी सडते, पण धैंचा पाण्यातही उभा राहतो. पाऊस लांबला तर बाजरी कमी पाण्यात तग धरते. दोघे एकमेकांना सांभाळून घेतात.

पेरणी कशी करावी?

हे काम ज्यांच्याकडे मे महिन्यात विहिरीचे, बोडीचे किंवा कालव्याचे पाणी आहे त्यांनीच करावे. गावच्या तलावात गुरांना प्यायलाच पाणी उरले असेल, तर हिरवळीच्या खतासाठी ते उपसू नका. कोरडवाहू मंडळींनी काय करावे ते पुढे सांगतो.

रोहिणीच्या आधी दहा-पंधरा दिवस, म्हणजे १० ते १५ मेच्या सुमारास, बांधी ओलवून घ्या. वाफसा आला की वखराची पाळी द्या आणि पेरा. नुसता धैंचा असेल तर एकरी २० किलो बी लागते. मिश्र पेरायचे असेल तर धैंचा १२ ते १५ किलो आणि बाजरी २ किलो घ्या. बाजरीचा हात सैल सोडू नका. ती आधी उठते आणि दाट झाली तर धैंच्याला दाबून टाकते. धैंचा नसेल तर त्याच्या जागी बरबटी १० ते १२ किलो चालेल. धैंच्याचे बी टणक असते, म्हणून ते रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवून पेरा. उन्हाच्या मानाने आठ-दहा दिवसांनी हलके पाणी द्या.

इथे एक इशारा देतो, तो मनावर घ्या. या कामासाठी ज्वारी पेरू नका. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणावर असलेल्या ज्वारीत, विषारी द्रव्य असते. उन्हाळ्यात आपल्याकडे गुरे मोकळी सुटतात. एखादी गाय रात्री बांधीत शिरून कोवळी ज्वारी पोटभर खाऊन गेली, तर ती सकाळी गोठ्यात मेलेली सापडू शकते. काही भागांत याला किराळ लागणे म्हणतात. खत करायच्या नादात शेजाऱ्याचे जनावर जायला नको. बाजरी किंवा मका घ्या.

मोकाट गुरांचा प्रश्न बाजरीलाही आहेच. चहूकडे उजाड रान आणि मधे तुमची एकच हिरवी बांधी असेल, तर ते गावच्या गुरांचे कुरण होईल. म्हणून लागून असलेल्या बांधीवाल्या चार-पाच जणांनी मिळून करा आणि राखण वाटून घ्या.

गाडणी कधी करावी?

सगळ्यांत महत्त्वाचे हेच आहे. बाजरीचे वय पस्तीस दिवस झाले की तिला आणखी एक दिवसही ठेवू नका. कणीस पोटरीत दिसण्याआधी ती जमिनीत गेली पाहिजे. "अजून थोडी वाढू द्या, पाला जास्त होईल," हा मोह होतो. पाला जास्त होतो हे खरे, पण तो कामाचा राहत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. ताट बुडाशी धरून वाकवा. कटकन मोडले आणि रस आला तर वेळ योग्य आहे. मोडता मोडत नाही, सालीचे धागे लोंबतात, असे झाले तर उशीर झाला म्हणून समजा. अशी जून ताटे सरळ कापून गुरांना घाला किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. बांधीत फक्त धसकटे आणि धैंचा राहू द्या.

तारखेचा घोळ नको म्हणून मी एक हिशोब सांगतो. ज्या दिवशी पऱ्हे टाकाल, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बांधीतली बाजरी गाडा. पऱ्हे एकवीस दिवसांचे होईल तोवर बांधीतला पाला कुजून तयार होतो. १२ मेला पेरलेले पीक १६ जूनच्या सुमारास, म्हणजे मृगात, गाडले जाईल, आणि ७ जुलैच्या सुमारास, पुनर्वसूत, रोवणी येईल. पऱ्हे आणि बांधी दोन्ही एकाच दिवशी तयार, आणि कॅलेंडर पाहायची गरज नाही.

गाडण्याआधी आपण किती खत टाकतो आहोत तेही मोजून घ्या. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेतला पाला कापून तागडीत घाला. जितके किलो भरेल त्याला चाराने गुणा, तितके टन एका एकरातून मिळतील. किलोभर भरला तर एकरी चार टन. एक टन ओल्या धैंच्यात साधारण चार किलो नत्र असते. म्हणजे नुसत्या धैंच्याच्या चार टनांत सोळा किलो. बाजरीच्या मिश्रणात ते त्याहून कमी धरा, आणि ते सगळेच याच पिकाला मिळेल असेही समजू नका.

गाडताना आधी फळी फिरवून पीक आडवे पाडा. फळी ज्या दिशेने फिरवली त्याच दिशेने नांगर चालवा, म्हणजे ताटे नांगराला गुंतत नाहीत. रोटाव्हेटर मिळाला तर उत्तमच, बारीक तुकडे होतात. चार ते सहा इंच खोल गाडले म्हणजे पुरे. पहिले आठ-दहा दिवस बांधीत ओल असू द्या, पण पाणी तुंबू देऊ नका. धुरा एका जागी मोकळा ठेवून जादा पाणी काढून द्या. हवा असताना पाला लवकर आणि निर्धोक कुजतो. नंतर धुरा बंद करून चिखलणी करा. चिखलणीनंतर मात्र बांधीचे पाणी बाहेर सोडू नका, कारण त्या पाण्यातून खतच वाहून जाते.

खताचा हप्ता आणि धानाची देखरेख

सुधारित धानाला आपल्या भागात सर्वसाधारणपणे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. माती तपासली असेल तर त्या अहवालाप्रमाणे द्या. शिफारशीतले निम्मे नत्र रोवणीच्या वेळी द्यायचे असते. बाजरी गाडली असेल तर हा रोवणीचा हप्ता कधीही चुकवू नका. मजुरांची शिदोरी त्यातूनच भागते. नुसता धैंचा चांगला साधला असेल तर पुढच्या हप्त्यात हात थोडा आखडता घेता येतो. बाजरी जास्त असेल तर तसे करू नका.

रोवणीनंतर दहाव्या-बाराव्या दिवशी बांधीत उतरून पाहा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी पडते आहे. पानाचा रंग पाहण्याचा तक्ता मिळाला तर तो वापरा. अशा वेळी युरियाचा पुढचा हप्ता आठवडाभर आधी द्या. जादा युरिया टाकायचा नाही, त्यातलाच लवकर द्यायचा. बांधीला वास येत असेल आणि मुळे काळी दिसत असतील, तर आधी पाणी काढून तीन-चार दिवस बांधी हवेशीर होऊ द्या. चिखलाला बारीक भेगा दिसू लागल्या की पुन्हा पाणी घ्या आणि मगच युरिया द्या.

पाणी नसेल त्यांनी काय करावे?

ज्यांना मे महिन्यात पाणी नाही त्यांनी बाजरीच्या नादी लागू नये. पहिल्या पावसावर पेरून तिला कोवळेपणी गाडायला आणि वर तीन आठवडे कुजवायला वेळच उरत नाही. त्यांनी धुऱ्यांवर गिरीपुष्प लावावे. एकदा लावले की वर्षानुवर्षे पाला मिळतो, आणि जमीन अडत नाही. चारसूत्री भात लागवडीत गुंठ्याला ३० किलो गिरीपुष्पाचा हिरवा पाला सांगितलेला आहे. फांद्या चिखलणीच्या आठवडाभर आधी बांधीत पसराव्यात. पाने गळून पडली की काड्या वेचून घ्याव्यात. त्याच पद्धतीत तणस बांधीत घालायलाही सांगितले आहे, पण पहिल्या नांगरणीला, म्हणजे पुरेसा वेळ देऊन. वाळलेले लवकर घालायचे आणि हिरवे-कोवळे नंतर घालायचे, हे सूत्र ध्यानात ठेवा. तणस जाळू नका, आणि ऐन रोवणीच्या तोंडावर गाडूही नका.

पहिल्या वर्षी एकच बांधी

शेवटी त्या काकांचे सांगतो. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्यांच्या दारात गेलो. त्यांनी बसायला खाट टाकली, पण सल्ला ऐकायला ते काही तयार नव्हते. त्यांची कारभारीण म्हणाली, "सारी बांधी नोका देऊ, कोपरा द्या." म्हणून एका बांधीचा कोपराच घेतला. तिथे धैंचा आणि थोडी बाजरी पेरली, पस्तिसाव्या दिवशी गाडली, आणि त्याच दिवशी पऱ्हे टाकले. रोवणीला त्याच बाया आल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यात पाय घालून पाहिला आणि म्हणाल्या, "यंदा काही टोचत नाही जी." त्या कोपऱ्यातले धान पिवळे पडले नाही. त्यापुढच्या वर्षी काकांनी स्वतःहून ती सगळी बांधी तशी केली.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. माझ्या शब्दावर सगळे शेत लावू नका. यंदा एकच बांधी घ्या, तिच्या निम्म्यात करा आणि निम्मी नेहमीसारखी ठेवा. मळणीला दोन्हींचे धान वेगळे मोजा. आणि रोवणीच्या बायांना विचारायला विसरू नका. बांधी तयार आहे की नाही हे त्यांच्या पायांना आधी कळते.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. धैंचा मिळत असेल तर धैंचाच पहिला. बाजरी-मका जोडीला, एकटी नको.
२. एकरी धैंचा १२ ते १५ किलो आणि बाजरी २ किलो. ज्वारी पेरू नका.
३. पस्तिसाव्या दिवशी, कणीस पोटरीत येण्याआधी गाडा. जून ताटे गुरांना किंवा खड्ड्यात.
४. पऱ्हे टाकायचा दिवस तोच गाडणीचा दिवस. रोवणी एकवीस दिवसांनी.
५. पहिले आठ-दहा दिवस ओल ठेवा, पाणी तुंबवू नका.
६. रोवणीच्या वेळचा नत्राचा हप्ता चुकवू नका.
७. पहिल्या वर्षी एकच बांधी, आणि तीही निम्मी.